बंदर न लाभलेल्यांसाठी बंदराचं स्तोत्र

“बोट बुडाली ती पुढच्या दरवाजाची कुलपं तुटली म्हणून. यात परमेश्वर कुठून आला?”

मामांचा हा पहिलाच प्रश्न होता आणि तो सहज टाळता येण्यासारखा नव्हता. उभी हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला हा माणूस. समुद्रातल्या कुठल्याही अपघाताबद्दल कळलं की काय तुटलं, कुठे तुटलं आणि कुणाच्या लक्षात का आलं नाही, हे तीन प्रश्न ते आधी विचारतात. भाची त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. ती ख्रिस्ती नाही, पण एका हौशी कॉयरमध्ये ऑल्टो गाते आणि लॅटिन, जर्मन, इंग्रजी रचना गाता गाता बायबलमधली स्तोत्रसंहिता तिच्या चांगली ओळखीची झाली आहे.

तिने मामांना ऐकवली ती याक्को मॅन्त्युयार्वी या फिनिश संगीतकाराची 1997 मधली रचना, ‘कांतिकुम कालामितातिस मारितिमाए’. समुद्रावरच्या आपत्तीचं गीत, असा त्या लॅटिन नावाचा अर्थ. वाद्य एकही नाही. आठ भागांत विभागलेला मिश्र गायनवृंद, त्यातून वर येणारी एक सोप्रानो, एक बॅरिटोन, आणि सुमारे बारा मिनिटांचा अवधी. विषय आहे ‘एस्टोनिया’ या फेरीबोटीचं बुडणं. शब्द तीन ठिकाणांहून घेतले आहेत. मृतांसाठी म्हटली जाणारी लॅटिन प्रार्थना, रेडिओवरची एक बातमी आणि बायबलमधलं 107 वं स्तोत्र.

प्रार्थनेला मामांची हरकत नव्हती. माणसं गेली की प्रार्थना होणारच. बातमीचं तर त्यांना कौतुकच वाटलं. वाद पेटला तो स्तोत्रावरून.

ती रात्र मामांना तपशीलवार ठाऊक आहे. 27 सप्टेंबर 1994 च्या संध्याकाळी ‘एस्टोनिया’ ताल्लिनहून स्टॉकहोमला निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायची होती. बोटीवर 989 माणसं. बाल्टिक समुद्रात त्या रात्री वारा जोराचा होता, लाटा चार ते सहा मीटरच्या होत्या. मध्यरात्र उलटून गेल्यावर, एकच्या सुमारास, पुढच्या बाजूने धातूवर धातू आदळल्यासारखे आवाज येऊ लागले. मोटारी आणि ट्रक आत घेण्यासाठी अशा बोटींचं तोंड उघडतं. ‘एस्टोनिया’चं तोंड म्हणजे वर उचलला जाणारा सुमारे 55 टनांचा एक पोलादी भाग. त्याला व्हायझर म्हणतात. लाटांच्या माऱ्याने त्याची कुलपं तुटली, तो सुटला आणि सुटता सुटता त्याने आतला रॅम्प ओढून उघडा केला. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं.

“आणि एकदा त्या डेकवर पाणी आलं की संपलं,” मामा सांगतात. “तो डेक म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग मोकळी जागा. मध्ये आडवी भिंत नाही. पाणी एका बाजूला धावतं, बोट त्या बाजूला कलते, कलली की आणखी पाणी येतं. 1987 साली बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ अशीच उलटली होती. पुढचे दरवाजे उघडेच राहिले होते. 193 माणसं गेली. सात वर्षांत हा धडा बाल्टिकपर्यंत पोचला नाही.”

‘एस्टोनिया’वरून मदतीची हाक गेली ती सुमारे एक वाजून बावीस मिनिटांनी. दोन वाजायच्या आत बोट रडारवरून नाहीशी झाली. 852 माणसं मेली, 137 वाचली. फिनलंडच्या उत्यो बेटापासून चाळीसेक किलोमीटरवर ती आजही समुद्राच्या तळाशी आहे आणि बहुतेकांचे मृतदेह वर आलेच नाहीत.

या हकिकतीत एक तपशील असा आहे की तो मामा दरवेळी आवाज चढवून सांगतात. त्याच रात्री, त्याच पाण्यात ‘मॅरिएला’ होती, ‘सिल्या यूरोपा’ होती, आणखीही मोठ्या फेरीबोटी होत्या. त्या सगळ्या सुखरूप राहिल्या, उलट याच बोटी मदतीला धावल्या. वारा त्यांनाही होता, लाटा त्यांनाही होत्या. मग तुमचं स्तोत्र काय म्हणतं? परमेश्वराने आज्ञा केली आणि वादळ उठलं, असं म्हणतं. “हे असं म्हटलं की कुलपाची जाडी ठरवणारा सुटला, तपासणी न करता सही ठोकणारा सुटला. आपल्याकडेही पूल पडला की कुणीतरी म्हणतंच ना, देवाची करणी? ते ऐकलं की माझ्या अंगाची आग होते.”

मामांचा हा आक्षेप लेखकाला हलका वाटत नाही. आपत्तीवरची पुष्कळ धार्मिक गाणी ऐकताना तो मनात येतो, आणि आलाच पाहिजे.

भाचीचं उत्तर रचनेच्या मांडणीतून आलं. तिने मामांना सुरुवात पुन्हा ऐकवली. आधी सूर नाहीच, कुजबुज आहे. अनेक ओठ एकाच वेळी प्रार्थनेचे शब्द पुटपुटताहेत आणि कुणाचंच वाक्य स्वतंत्रपणे कानावर पडत नाही. ती घाबरलेली गर्दी असेल किंवा प्रत्येकाची आपापल्यापुरती प्रार्थना असेल. त्या कुजबुजीवर एक सोप्रानो शब्दांवाचून गाऊ लागते. एकटीच, जुन्या लोकगीतासारखं काहीतरी. मग वृंद हळूहळू सुरात येतो आणि मृतांसाठी प्रकाश मागतो.

यानंतर रचना एकदम वेगळ्या वाटेने जाते. बॅरिटोन पुढे येतो आणि बातमी देतो. बाल्टिक समुद्राच्या उत्तर भागात आठशेहून अधिक लोक प्राणाला मुकले, फेरीबोटीचं नाव अमुक, ती इथून तिथे निघाली होती, भीषण वादळात उलटून बुडाली. हे सारं तो जुन्या मठांतल्या एकसुरी पठणाच्या चालीत म्हणतो. आवाजात हुंदका नाही की आर्जव नाही, फक्त माहिती आहे.

ही बातमी संगीतकाराने रचलेली नाही, ती खरोखर प्रसारित झालेली आहे. फिनलंडच्या सार्वजनिक नभोवाणीवर, यूलेवर, 1989 पासून 2019 पर्यंत दर आठवड्याला लॅटिनमधून जगाच्या बातम्या दिल्या जात. कार्यक्रमाचं नाव ‘नुन्तिई लातिनी’. युद्धं, निवडणुका, तेलाचे भाव, सगळं सिसेरोच्या भाषेत. तुओमो पेक्कानेन आणि रेयो पिट्कारांता हे दोन विद्वान त्यामागे होते. यातल्या पेक्कानेन यांनी ‘कालेवाला’ हे फिनिश महाकाव्यही लॅटिनमध्ये आणलं आहे. या बातमीपत्रात ‘एस्टोनिया’ची बातमी आली आणि मॅन्त्युयार्वींनी तिच्याभोवती आपली रचना बांधली.

“मामा, तुम्हाला हवी असलेली वस्तुस्थिती गाण्याच्या ऐन मध्यावर आहे,” भाची म्हणाली. “त्याने ती प्रार्थनेत विरघळू दिलेली नाही. आधी कुजबुज आणि प्रार्थना, मग बातमी, मग स्तोत्र. बातमी ऐकून झाल्याशिवाय तो तुम्हाला स्तोत्रापाशी जाऊच देत नाही.”

मामांनी थोडं मान्य केलं, पण सगळं नाही. त्या बातमीतही कारण म्हणून वादळाचंच नाव आहे, कुलपांचं नाही, हे त्यांनी लगेच दाखवून दिलं. अपघातानंतरच्या पहिल्या दिवसांतली बातमी असल्याने ते स्वाभाविकही आहे. पण तो सुटलेला व्हायझर ऑक्टोबर 1994 मध्येच समुद्रतळावर सापडला होता आणि नोव्हेंबरमध्ये वर काढला होता. एस्टोनिया, फिनलंड आणि स्वीडन यांच्या संयुक्त चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल डिसेंबर 1997 मध्ये आला, तरी कुलपांची गोष्ट त्याआधीच बाहेर आली होती. “म्हणजे गाणं लिहिताना त्याला हे ठाऊक असणार. तरी त्याने तीच बातमी ठेवली.”

“ठेवली, कारण त्या दिवशी लोकांच्या कानावर तीच पडली होती,” भाची म्हणाली. “तो अहवाल लिहीत नव्हता. बातमी पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाला काय झालं असेल, ते तो सांगत होता.”

मग मामांनी दुसरा मुद्दा काढला, भाषेचा. लॅटिन कशाला? मिकाएल आग्रिकोलाने 1551 मध्येच स्तोत्रसंहिता फिनिशमध्ये आणली होती. साडेचारशे वर्षं लोकांच्या तोंडी असलेली भाषा सोडून कुणालाच न कळणाऱ्या भाषेत शोक करायचा, याला ते अंतर राखणं म्हणतात. यावरही भाचीकडे उत्तर होतं आणि लेखकाला ते पटतं. मेलेल्यांत सर्वाधिक, पाचशेच्या वर, स्वीडिश होते. त्यानंतर एस्टोनियन, सुमारे पावणेतीनशे ते तीनशे. फिनिश अगदी थोडे होते, पण बोट बुडाली ती फिनलंडच्या जवळ आणि बचावाचा भार मोठ्या प्रमाणावर फिनलंडने उचलला. सतराएक देशांची माणसं त्या बोटीवर होती. फिनिश संगीतकाराने फिनिशमध्ये गाणं केलं असतं तर ते फिनलंडचं दुःख झालं असतं, आणि मेलेले बहुतेक तिथले नव्हतेच. लॅटिन यातल्या कुणाचीच मातृभाषा नाही, म्हणून ती सगळ्यांना सारखीच चालते.

शिवाय फिनलंडमध्ये लॅटिन गाणं परकं नाही. तुर्कू हे तिथलं जुनं धर्मपीठाचं शहर. तिथल्या कॅथेड्रल शाळेत गायल्या जाणाऱ्या लॅटिन गीतांचा संग्रह, ‘पिए कान्तिओनेस’, 1582 मध्ये छापला गेला आणि त्यातली गाणी आजही तिथल्या नाताळात ऐकू येतात. मॅन्त्युयार्वी स्वतः तुर्कूत जन्मलेले, 1963 साली. पोटापाण्याचा व्यवसाय भाषांतराचा, आणि कॉयरमध्ये ते वर्षानुवर्षं स्वतः गात आले आहेत. शेक्सपियरच्या चेटकिणींवरची त्यांची खेळकर रचना जगभरच्या कॉयरांची आवडती आहे. ज्या बोटीबद्दल हे सारं चाललं आहे तीही तुर्कूला ओळखीची होती. 1980 मध्ये जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या गोदीत बांधलेली ही बोट पहिली दहा वर्षं ‘व्हायकिंग साली’ या नावाने तुर्कू ते स्टॉकहोम याच मार्गावर धावत होती. मधल्या काळात नावं बदलली, मालक बदलले, 1993 मध्ये ती ‘एस्टोनिया’ झाली. म्हणजे ज्या गावच्या माणसाने हे शोकगीत लिहिलं त्या गावच्या असंख्य लोकांनी कधी ना कधी तिच्यावरून प्रवास केला होता. ही जवळीक मामांना ठाऊक नव्हती. ती ऐकल्यावर ते काही क्षण गप्प बसले.

मग त्यांनी आपला सर्वांत धारदार प्रश्न काढला.

107 वं स्तोत्र सुटका झालेल्यांचं आहे. लॅटिन बायबलात त्याचा क्रमांक 106 येतो, मजकूर तोच. त्यात चार प्रकारची माणसं येतात. वाळवंटात वाट चुकलेली, अंधारकोठडीत पडलेली, आजाराने मरणाच्या दारी पोचलेली, आणि जहाजातून समुद्रावर गेलेली. चौघांचीही गोष्ट एकाच वाटेने जाते. संकट येतं, माणसं देवाला हाका मारतात, देव सोडवतो, माणसं उपकार मानतात. ज्यू परंपरेत याच चार प्रसंगांतून सुटलेल्याने सर्वांसमक्ष आभाराची प्रार्थना म्हणावी असा नेम आहे. समुद्रावरच्या माणसांची कडवी 23 ते 30 या ओव्यांत आहेत. मॅन्त्युयार्वींनी घेतली ती हीच. खलाशी लाटांबरोबर आभाळापर्यंत चढतात आणि खोल गर्तेत उतरतात, झिंगलेल्या माणसासारखे झोकांड्या खातात, त्यांची सारी अक्कल गिळली जाते. ते ओरडतात. वादळ शमतं, लाटा निवतात. आणि शेवटी देव त्यांना त्यांच्या मनातल्या बंदराला पोचवतो.

“कुठलं बंदर?” मामा म्हणाले. “स्टॉकहोमला कुणी पोचलं नाही. हे कडवं 852 मेलेल्या माणसांपुढे गायचं? वाचलेल्यांनी गावं, त्यांचा हक्क आहे. पण मेलेल्यांच्या नावाने ‘देवाने बंदराला लावलं’ असं गाणं म्हणजे त्यांच्या नातेवाइकांच्या जखमेवर मीठ.”

याला जोड म्हणून त्यांना भाचीनेच पूर्वी सांगितलेलं एक उदाहरण आठवलं. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स राजा आपल्या ‘फब्ज’ नावाच्या नौकेतून फिरायला निघाला होता, वादळ आलं, सगळ्यांची पाचावर धारण बसली, पण नौका तरली. बरोबर जॉन गॉस्टलिंग हा दरबारचा गायक होता. किनाऱ्यावर आल्यावर त्याने याच स्तोत्रातल्या ओव्या निवडल्या आणि हेन्री पर्सेलने त्या सुरात बांधल्या. गॉस्टलिंगचा आवाज विलक्षण खोल, म्हणून समुद्राच्या गर्तेचं वर्णन येतं तिथे पर्सेल त्याला फार खालच्या सुरापर्यंत उतरवतो. हे 1685 च्या सुमाराचं. “ते मला मान्य आहे,” मामा म्हणाले. “ते वाचले होते. त्यांनी आभार मानले. हिशेब जुळतो. तुझ्या फिनिश माणसाचा हिशेब जुळत नाही.”

“जुळत नाही, हे त्यालाही कळतं,” भाची म्हणाली. “तुम्ही शेवट पुन्हा ऐका.”

लेखकाच्या मते या रचनेचं सगळं सामर्थ्य इथे आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. संगीतकाराला बंदराची ओवी गाळता आली असती. वादळ, हाका, आणि मग थेट मृतांची प्रार्थना, असा शेवट कुणालाही खटकला नसता, उलट जास्त शोकाकुल वाटला असता. त्याने ती ओवी गाळली नाही. वादळाच्या कडव्यांत वृंद एकमेकांवर चढतो, सूर वर जातात, कोसळतात. ते सारं ओसरतं आणि बंदराचे शब्द येतात. त्यांच्या लगेच पाठीमागून मृतांना चिरविश्रांती मागणारे शब्द येतात. मध्ये आभार नाहीत. स्तोत्रात यानंतरची ओवी देवाचे उपकार मानायला सांगते. ती मात्र त्याने घेतलेली नाही. स्तोत्राचा तो भाग ज्या ओवीकडे चालला आहे, तिच्या अलीकडच्या पायरीवर तो थांबतो आणि तिथे मृतांची प्रार्थना ठेवतो. शेवटी सोप्रानो पुन्हा एकटीच, शब्दांवाचून गाते.

भाचीचं म्हणणं असं: हे बंदर म्हणजे स्टॉकहोम नाही, हे ऐकणाऱ्याला कळतं. कदाचित ते मरणच असेल, कदाचित विश्वास असलेल्यांचं परलोकातलं घर असेल, कदाचित न पोचलेली जागाच असेल. ते कोणतं हे संगीत सांगत नाही, आणि त्या न सांगण्याला तिचा पाठिंबा आहे. “ज्यांनी त्या रात्री हाका मारल्या त्यांना स्तोत्राचा पहिला अर्धा भाग लागू पडला, दुसरा पडला नाही. मग त्यांच्यासाठी स्तोत्र अर्धंच म्हणायचं का? मी पूर्ण म्हणीन. पूर्ण म्हटलं तरच काय मिळालं नाही ते कळतं.”

मामांना हे अर्धंच पटलं. त्यांच्या आठवणीत वेगळीच बोट होती. अलिबाग-रेवस पट्ट्यातल्या त्यांच्या वयाच्या माणसाला ‘रामदास’चं नाव वेगळं सांगावं लागत नाही. 17 जुलै 1947, आषाढ अमावास्येचा दिवस. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट पावसाळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. महिन्याभराने देश स्वतंत्र झाला आणि त्या आनंदात हे दुःख रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरांतच राहिलं. मामांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण ज्या घरांतली माणसं परतली नाहीत ती घरं त्यांनी लहानपणी पाहिली आहेत. “त्या घरातल्या म्हाताऱ्यांना कुणी येऊन सांगितलं असतं की तुमचा मुलगा देवाने बंदराला लावला, तर त्यांनी त्याला उभं केलं नसतं,” ते म्हणाले.

“आणि त्यांच्यासाठी कुणीच काही गायलं नसतं, तर ते बरं झालं असतं?” भाचीने विचारलं.

या प्रश्नाला मामांनी उत्तर दिलं नाही. लेखकालाही ते सोपं वाटत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला संगीताने काय द्यावं हे बाहेरच्याने ठरवण्यात धोका आहे. तरीही बाल्टिकच्या काठावर लोकांनी आपापल्या परीने काही ना काही उभं केलं, हे दिसतं. एस्टोनियातल्या हिउमा बेटाच्या उत्तर टोकाला, ताहकुनाला, एक घंटा टांगली आहे. स्टॉकहोमला नावं कोरलेली भिंत आहे. ताल्लिनला दोन तुकड्यांत तुटलेली एक लोखंडी कमान आहे. मॅन्त्युयार्वींची रचना त्याच रांगेतली. फरक एवढाच की ती प्रत्येक वेळी जिवंत माणसांना नव्याने उभी करावी लागते. गायलीच नाही तर ती नसते.

बोलणं इथून अशा मुद्द्यावर आलं जिथे दोघांच्या बाजू अनपेक्षितपणे जवळ आल्या. 1995 मध्ये तिन्ही देशांनी करार करून बुडालेल्या बोटीची जागा दफनभूमीसारखी मानली आणि तिथे पाणबुडे उतरवायला मनाई केली. त्याच सुमारास स्वीडनने तर सगळा अवशेष काँक्रीटखाली गाडण्याचा विचार केला होता, तो नंतर बारगळला. मृतांना शांतता लाभावी हा त्यामागचा भाव. पण बऱ्याच नातेवाइकांना शांततेपेक्षा उत्तरं हवी होती, आणि उत्तरं दडवली जाताहेत असा संशय वर्षानुवर्षं धुमसत राहिला. 2019 मध्ये एका माहितीपटाच्या चमूने, त्या करारात नसलेल्या जर्मनीच्या ध्वजाखालच्या बोटीवरून, पाण्याखालचा कॅमेरा खाली सोडला आणि 2020 मध्ये बोटीच्या कुशीला पडलेलं मोठं भोक जगाला दाखवलं. चमूतल्या दोघांवर स्वीडनमध्ये थडग्याची शांतता भंग केल्याचा खटला चालला. आधी ते सुटले, पुढे फेरसुनावणीत दोषी ठरले आणि त्यांना दंड झाला. पण त्यांच्यामुळेच कायदा बदलला आणि तिन्ही देशांनी अवशेषाची नव्याने पाहणी केली.

जानेवारी 2023 च्या अंतरिम अहवालात स्फोटाचा किंवा दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाल्याचा पुरावा मिळाला नसल्याचं म्हटलं आहे. तळ खडकाळ असल्याने कुशीचं नुकसान बोट तिथे आदळल्याने झालं असावं. आणि मामांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिथेच आहे. बोट समुद्रात जाण्याच्या योग्यतेची नव्हती. व्हायझरच्या जागेची नीट तपासणी झाली असती तर दोष दिसला असता.

“चिरविश्रांती दे, असं तुमची प्रार्थना म्हणते,” मामा म्हणाले. “हीच विश्रांती पुढे करून चौकशी थांबवली होती.”

भाची इथे मामांच्या बाजूने उभी राहिली. प्रार्थनेतली विश्रांती मेलेल्यांसाठी आहे, चौकशी करणाऱ्यांसाठी नाही. आणि ही रचना ऐकणाऱ्याला झोपवत नाही. बारा मिनिटं ती त्याला त्या डेकवर उभं करते. कुजबुज ऐकायला लावते, थंड आवाजात बातमी ऐकायला लावते. ज्याने हे ऐकलं आहे तो ‘जाऊ द्या आता’ असं म्हणणार नाही, असं तिला वाटतं. मामांना एवढी खात्री नाही. त्यांच्या मते लोक सुंदर सुरांत रमतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात, आणि सुरक्षेचे नियम बदलतात ते अहवालांमुळे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. ‘एस्टोनिया’नंतर गाड्यांच्या डेकवर पाणी आलं तरी बोट तरावी यासाठी 1996 मध्ये उत्तर युरोपातल्या देशांनी स्टॉकहोम करार केला. त्या रात्री बोटीचे संकटसूचक रेडिओ चालूच केलेले नव्हते. पाण्यात पडताच आपोआप चालू होणारी यंत्रं त्यानंतर सक्तीची झाली. हे काम संगीताने केलेलं नाही.

पण 107 व्या स्तोत्रातल्या खलाशांची अक्कल गिळली जाते त्या क्षणी माणसाचं काय होतं, हे कुठल्याही अहवालात नाही. अहवालात बोटीचा कल अंशांत दिला आहे, पाण्याचं तापमान दिलं आहे, कुठल्या मिनिटाला काय झालं ते दिलं आहे. त्या मिनिटांत जिन्यावर अडकलेल्या माणसाचा एकटेपणा तिथे येऊ शकत नाही. तो या रचनेतल्या शब्द नसलेल्या एका आवाजात येतो. लेखकाचा कौल म्हणून भाचीच्या बाजूने आहे, मामांची एक अट मान्य करून: हे गाणं ऐकणाऱ्याने कुलपांची गोष्ट विसरता कामा नये. युरोपातल्या कॅथेड्रल कॉयरांसाठीच्या स्पर्धेत 1997 साली या रचनेला तिसरं बक्षीस मिळालं होतं. त्यानंतरच्या काळात जगभरच्या कॉयरांनी तिला जी जागा दिली आहे ती कितीतरी वरची आहे, आणि ती रास्त आहे.

वाचकांना एक विनंती. ही रचना ऐकायची असेल तर आधी मराठी बायबलमधलं 107 वं स्तोत्र पूर्ण वाचा, चारही प्रकारच्या माणसांसकट. मग रचना एका बैठकीत, शक्यतो हेडफोन लावून ऐका, कारण सुरुवातीची कुजबुज साध्या स्पीकरवर हरवते. आणि त्यानंतर संयुक्त चौकशी आयोगाचा अहवालही उघडून बघा. तो इंग्रजीत आहे आणि इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता येतो.